शनिवारची ऊब कुणाच्या वाट्याला?

आमच्या सोसायटीची गेल्या महिन्यातली सर्वसाधारण सभा साडेतीन तास चालली. लिफ्टची दुरुस्ती, टँकरचं थकलेलं बिल हे विषय वीस मिनिटांत उरकले आणि बाकीचा सगळा वेळ सातव्या विषयानं खाल्ला : ‘क्लबहाउसमधील बंद वाचनखोलीत रहिवाशांच्या ताणमुक्तीसाठी सॉना बसविणे.’ ठराव मांडणारा तरुण तयारी करून आला होता. फिनलंड हा जगातला सर्वांत सुखी देश, तिथं घरटी सॉना, म्हणजे घाम काढायची तापलेली लाकडी खोली, आहे, नियमित सॉना घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे त्यानं एका दमात सांगितलं. त्यावर मागच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, “मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाऊन बसा की, पैसे कशाला घालवता?” टाळ्या पडल्या. मग कुणी म्हणालं की स्वेदन, म्हणजे घाम काढायचा उपचार, तर आपल्या आयुर्वेदातलाच, तो फिनलंडकडून कशाला शिकायचा? कुणी खर्चाचे आकडे काढले. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. एवढ्या वेळात जो तो उष्णतेवर बोलला. ज्या शब्दासाठी ठराव आणला होता त्या ताणावर एकही जण बोलला नाही. ताण कुणाला आहे, कशाचा आहे आणि तापलेल्या लाकडी खोलीत पंधरा-वीस मिनिटं बसल्यानं त्यातलं नेमकं काय हलकं होतं, हे कुणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सौनानं माणूस हलका होतो हे खरं आहे. (फिनलंडची माणसं ‘सौना’ म्हणतात, ‘सॉना’ म्हटलं की हसून दुरुस्त करतात, शब्द त्यांचा आहे, म्हणून इथून पुढं मीही सौनाच लिहिते.) पण त्या हलकेपणातला उष्णतेचा वाटा आपण समजतो त्याहून लहान आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, कुणाचं काही देणं न लागणारा एक तास आणि तो तास ज्यांच्या शेजारी बसून घालवायचा ती माणसं, यांचा वाटा मोठा. हीटर आणि लाकडी फळ्या बाजारात मिळतात. हा तास बाजारात मिळत नाही, तो सगळ्यांनी मिळून राखावा लागतो. म्हणून मला हा खरेदीचा प्रश्न वाटतच नाही. विश्रांती कुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आहे, आणि तो सार्वजनिक आहे.

आता त्या तरुणाच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. फिनिश संशोधक यारी लौक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेतला होता. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून येणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळलं. संशोधकांनी वय, धूम्रपान, रक्तदाब, व्यायाम, आर्थिक स्थिती यांचा हिशेबही धरला होता. मनाच्या बाजूनंही पुरावा आहे. अमेरिकेत २०१६ साली नैराश्याच्या तीसेक रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. काही जणांचं शरीर यंत्रात झोपवून साडेअडतीस अंशांपर्यंत तापवलं, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या यंत्रात नुसती सौम्य ऊब दिली. एकाच वेळच्या उपचारानंतर सहा आठवड्यांनीही दोन गटांतला फरक टिकून होता. शरीरात काय घडतं हेही बऱ्यापैकी माहीत आहे. ऐंशी-नव्वद अंशांच्या कोरड्या हवेत त्वचेकडे रक्त धावतं, नाडी भरभर चालल्यासारखी शंभराच्या पुढं जाते, घाम सुटतो, आणि बाहेर गार हवेत आल्यावर सगळं उलट दिशेनं उतरू लागतं. ते उतरणं म्हणजेच ती गाढ, सैल पडल्याची जाणीव. (घामावाटे ‘विषारी द्रव्यं’ निघून जातात असं जाहिरातींत सांगतात, ते मात्र सोडून द्या. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. ती सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात.)

हे सगळं मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की त्या फिनिश अभ्यासात सौना अजिबात न घेणारी माणसं जवळपास नव्हतीच. तुलना होती ती आठवड्यातून एकदा आणि रोजच्या रोज यांच्यात. रोज संध्याकाळी सौना तापवून त्यात निवांत बसू शकणारा माणूस कोण असतो? ज्याची संध्याकाळ मोकळी आहे तो. आर्थिक स्थितीचा हिशेब आकड्यांत धरता येतो, मोकळ्या संध्याकाळीचा कसा धरणार? दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९० च्या सुमारास फिनलंडमध्ये दर लाख लोकांमागे तीस आत्महत्या होत होत्या. जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी तो एक होता. तेव्हा तिथं सौना नव्हते का? घरोघरी होते, शतकानुशतकं होते. आज तिथं तो आकडा निम्म्याहून खाली आला आहे, आणि त्यामागं १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं देशभर चाललेली आत्महत्या-प्रतिबंधाची सरकारी मोहीम आहे : नैराश्य वेळीच ओळखायला डॉक्टरांना शिकवणं, उपचार सहज मिळतील असं करणं, शाळांपासून सैन्यापर्यंत सगळ्यांना त्यात ओढणं. सुखी देशांच्या यादीत फिनलंड २०१८ पासून पहिला येतो हे सांगताना सौनाचं नाव घेणाऱ्यांनी तीस वर्षांपूर्वीच्या फिनलंडमध्येही तोच सौना होता हे विसरू नये. ज्याच्या मनाला खरोखर उपचार हवेत त्याला तापलेल्या खोलीत पाठवणं म्हणजे त्याची फसवणूक आहे.

आणि उष्णता हेच औषध असेल तर जास्त उष्णता म्हणजे जास्त औषध ठरायला हवं. फिनलंडमधल्या हेइनोला गावात १९९९ पासून सौनाची जागतिक स्पर्धा भरायची. ११० अंशांच्या खोलीत सर्वांत जास्त वेळ टिकेल तो विजेता. २०१० च्या अंतिम फेरीत एक रशियन स्पर्धक मरण पावला, त्याच्यासोबत बसलेला आधीचा फिनिश विजेता गंभीर भाजला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. खोली तीच होती. दगड तेच, पाणी तेच. पण बसण्याचा हेतू बदलला, आणि जिथं माणूस सैल व्हायला जातो तिथं तो जीव मुठीत धरून बसला.

मग सौनात नेमकं असतं काय? माझी भाची नोकरीनिमित्त ताम्पेरे शहरात राहते. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला पिस्पाला वस्तीतल्या रायापोर्त्ती नावाच्या सौनात घेऊन गेली. १९०६ पासून चालू असलेला हा फिनलंडमधला सर्वांत जुना सार्वजनिक सौना. आता वस्तीतलीच एक संस्था तो चालवते. बाहेरून बघावं तर जुनं साधं घर. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. आत कपडे घालून जायचं नसतं हे कळल्यावर माझे पाय दारातच थबकले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी परक्या बायकांसमोर! टॉवेल घट्ट लपेटून मी भाचीच्या मागून पायऱ्या चढले आणि अंधूक उजेडातल्या ओल्या लाकडी फळीवर कडेला बसले. वर सात-आठ जणी होत्या. एकीच्या पोटावर सिझेरियनची जुनी खूण, एकीचं एक स्तन काढलेलं, दोन आज्या, एक विशीतली मुलगी. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणून नजर वळवली असंही नव्हतं; माझं तिथं असणं त्यांना साधं वाटत होतं. त्यातली एक आजी काहीतरी विचारती झाली आणि सगळ्यांनी माना हलवल्या. भाचीनं कानात सांगितलं, पाणी टाकू का असं विचारतेय. सगळ्यांना विचारल्याशिवाय टाकत नाहीत. दगडांवर पाणी पडलं, मोठा सुस्कारा ऐकू यावा तसा आवाज झाला आणि क्षणभरानं वाफेची लाट कानांच्या पाळ्यांना, खांद्यांना चटका देत खाली उतरली. या वाफेला ते लोइलू म्हणतात. जुन्या काळी त्याच शब्दाचा अर्थ श्वास, प्राण असा होता.

नंतर आम्ही टॉवेल गुंडाळून अंगणात बसलो. पारा शून्याच्या आसपास, आणि बाकांवर बसलेल्या बायका-पुरुषांच्या खांद्यांवरून वाफा निघत होत्या. कुणी गप्पा मारत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. फोन एकाच्याही हातात नव्हता, कारण आत तो चालत नाही आणि बाहेर ओल्या हातांनी कोण धरणार? मला त्या क्षणी जे हलकं वाटलं त्याचं श्रेय वाफेला किती द्यायचं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारली नाही. कुणाला काय हवं-नको बघायचं नव्हतं. पोट आत ओढून बसायचं नव्हतं. लग्नानंतरच्या तीस वर्षांत असे सलग दोन तास मला आठवेनात. उष्णतेचं काम एवढंच होतं की तिनं दुसरं काही करणं अशक्य करून टाकलं. तिथं वाचता येत नाही, भाजी निवडता येत नाही, कुणाचा निरोप बघता येत नाही. आपल्याला रिकामं बसायची लाज वाटते. सौना ती लाज काढून घेतो, कारण रिकामं बसणं हेच तिथलं काम.

काकांच्या गच्चीचं उत्तर इथं मिळतं. आपल्या हवेत सौना कशाला हा आक्षेप वरवर बिनतोड आहे आणि त्यात तथ्यही आहे. फिनिश सौनाचा अर्धा जीव बाहेरच्या थंडीत असतो. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, तिथं बाहेर पडल्यावर मिळणारा गारवा एसी लावून निर्माण करावा लागेल. सहा ते नऊ किलोवॉटचा हीटर तापवायचा आणि वर गार करायलाही वीज जाळायची, हे मलाही पटत नाही. पण मे महिन्यात स्लॅबवर काम करणारा गवंडी आणि रायापोर्त्तीतली आजी यांच्या घामात फरक काय? आजीच्या शेजारी दार आहे, ते तिला वाटेल तेव्हा उघडतं, आणि दाराबाहेर गार पाणी आहे. गवंड्याच्या उन्हाला दार नाही. तेव्हा ‘आपल्याकडे ऊन फुकट आहे’ असं म्हणताना आपण कुणाच्या उन्हाबद्दल बोलतो? गच्चीवर जाऊन बसायचा सल्ला देणारे काका स्वतः दुपारी पडदे ओढून पंख्याखाली बसतात, आणि त्यात गैर काही नाही. विश्रांतीची गरज देशाच्या तापमानावर ठरत नाही एवढंच मला म्हणायचं आहे.

‘आमच्याकडे हे आधीच होतं’ हा तिसरा पक्ष. होतं, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय वाचला तर ऊर भरून येतो. त्यात जेन्ताक स्वेद नावाचा प्रकार आहे : जलाशयाच्या काठी गोल घर बांधायचं, भिंतीला लागून चौफेर बसायचा ओटा, मधोमध पुरुषभर उंचीची मातीची भट्टी. खैराची लाकडं जळून धूर निघून गेला की मग रुग्णानं आत जायचं. फिनलंडच्या जुन्या धुराच्या सौनाचं वर्णन वाचतोय असंच वाटतं. पण अभिमानानं तो अध्याय पुढं करणाऱ्यांनी स्वेदन कुणाला देऊ नये ही यादीही वाचावी. गर्भिणी आहे, मधुमेही आहे, नेहमी मद्य घेणारा आहे, आणि त्याच यादीत थकलेला, भुकेला, रागावलेला आणि शोकात असलेला माणूसही आहे. म्हणजे आपण ज्याला ताणलेला माणूस म्हणतो तो! शिवाय बाहेर आल्यावर एकदम गार पाणी अंगावर घेऊ नये असंही चरक बजावतो, फिनलंडमध्ये तर गोठलेल्या तळ्यात उडी घेतात. दोन्ही परंपरा तापलेल्या खोलीच्या आहेत, पण चरकाची खोली वैद्याच्या देखरेखीखालची आणि एकेका रोग्यासाठीची. ती चिकित्सा आहे. वस्तीनं मिळून शनिवारी संध्याकाळी बसायची ती जागा नव्हे. आयुर्वेदाचा दाखला देऊन सौनाची बाजूही मांडता येत नाही आणि तो मोडीतही काढता येत नाही.

आपल्याकडची खरी तुलना मला ग्रंथांत सापडत नाही, बाळंतिणीच्या खोलीत सापडते. माझ्या आईनं माझं बाळंतपण केलं तेव्हा सकाळी अंगाला तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी, वर गोधडी. घामानं मी निथळायची आणि तिथंच झोपून जायची. सव्वा महिना मला कुणी पाणी आणायला सांगितलं नाही. गंमत म्हणजे फिनलंडमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यापाड्यांतल्या बायका सौनातच बाळंत व्हायच्या; गावातली सगळ्यात उबदार आणि स्वच्छ खोली तीच. दोन्हीकडे ऊब, पाणी आणि आडोसा बाईला मिळाला. फरक असा की तिथली बाई पुढच्या शनिवारी पुन्हा त्या खोलीत गेली, आणि त्यानंतरच्याही. आपल्याकडे सव्वा महिना संपला आणि ती ऊब पुढच्या बाळंतपणापर्यंत संपली. आजीच्या पिढीतल्या बायका माहेरच्या त्या खोलीची आठवण इतक्या ओढीनं का काढतात, हे मला ताम्पेरेच्या अंगणात बसून कळलं.

शनिवारचा उल्लेख मी पुन्हापुन्हा करतेय त्याला कारण आहे. फिनिश भाषेत शनिवारला लाउआन्ताइ म्हणतात. तो शब्द ज्या जुन्या नॉर्डिक शब्दावरून आला त्याचा अर्थच न्हाण्याचा वार. म्हणजे आधी वार राखला गेला, मग सौना त्या वारात बसला. आणि वार राखणं ही कधीच आपोआप घडणारी गोष्ट नसते. मुंबईच्या कापडगिरण्यांत १८८० च्या दशकात काय स्थिती होती? सूत तुटू नये म्हणून साचाखात्यात मुद्दाम ओलसर, कोंदट हवा ठेवायची रीत, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. वाफ होती, घाम होता, उष्णता तर भरपूर होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामगारांच्या थकव्यावर लोखंड्यांनी औषधी काढा सुचवला नाही, मालीशवाला नेमा म्हटलं नाही. त्यांनी एक दिवस मागितला. फिनलंडमध्येही आठ तासांच्या कामाचा कायदा १९१७ साली झाला, तो कामगारांच्या लढ्यातून. ज्या समाजानं आधी माणसाचे तास मोजून सोडवून घेतले, त्याच्या सौनात बसायला माणसं असतात. आज रात्री दहापर्यंत कामाचे कॉल घेणाऱ्या आमच्याच इमारतीतल्या मुलांना कंपन्या ताणमुक्तीचं सदस्यत्व भेट देतात. तास मात्र परत देत नाहीत. त्या मुलांनी सौना मागावा याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी फक्त सौनाच मागावा, याचं वाटतं.

कुणी म्हणेल, ज्याला परवडतं त्यानं आपल्या घरात सौना बसवला तर तुमचं काय बिघडतं? काही नाही बिघडत, खुशाल बसवावा. पण ही गोष्ट घराघरांत शिरली की काय होतं हे फिनलंडनं स्वतः पाहिलं आहे. हेलसिंकीत एकेकाळी शंभरावर सार्वजनिक सौना होते. न्हाणीघरांसह फ्लॅट आले, नंतर लहान फ्लॅटमध्येही वीजेचे छोटे सौना आले, आणि सार्वजनिक सौना एकेक करून बंद पडत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. सुमारे छप्पन्न लाखांच्या देशात आज तीस लाखांहून अधिक सौना आहेत, तरी तिथल्याच तरुणांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. २०११ च्या सुमारास हेलसिंकीच्या किनाऱ्यावर काही स्वयंसेवकांनी जमेल तसं सामान गोळा करून सोम्पासौना उभा केला. तिथं तिकीट नाही. येणाऱ्यानं लाकडं फोडायची, चूल पेटती ठेवायची. ज्यांच्या घरात सौना होता अशीही माणसं तिथं जाऊ लागली. २०२० साली युनेस्कोनं फिनलंडच्या सौना संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हाही गौरव या एकत्र बसण्याच्या रीतीचा झाला.

एकत्र बसणं म्हणजे आपोआप समता, असंही मी म्हणणार नाही. फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी १९६० साली आपल्या साठीला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना सौनात नेलं. राजकारणातले, धंद्यातले किती निर्णय अशा पुरुषांच्या सौनात झाले असतील, आणि त्या दाराबाहेर कोण राहिलं असेल? रोमची सार्वजनिक स्नानगृहंही याच कारणानं मला पूर्ण दाखला म्हणून वापरता येत नाहीत. इसवी सन २१६ मध्ये सुरू झालेल्या काराकाल्लाच्या स्नानगृहात सामान्य रोमन माणसाला जाता येई ही थोर गोष्ट, पण त्या संगमरवरी फरशीखाली भट्ट्यांत लाकडं कोंबत राबणारी माणसं गुलाम होती. वरच्यांचा निवांतपणा खालच्यांच्या घामावर तापत होता. आमच्या क्लबहाउसमधला सौना रोज पुसणार कोण, याचं उत्तर ठरावात लिहिलेलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत आहे.

महाराष्ट्रात ऊन पाण्याचं सार्वजनिक धन आहे याची तरी आपण आठवण ठेवतो का? तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूर. खानदेशात उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर. गावांच्या नावातच ऊन आहे. लहानपणी मावशी आम्हाला अशाच एका कुंडावर न्यायची. गंधकाचा वास, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि पाण्यात गुडघे बुडवून बसलेल्या बायका : कुणी मासे विकून आलेली, कुणी लावणी उरकून आलेली. “बस गो घटकाभर, पाय हलके होतील,” असं मावशीला सांगून एकीनं सरकून जागा करून दिलेली मला आठवते. तिकीट नव्हतं, ओळख लागत नव्हती. चार वर्षांपूर्वी मी त्याच कुंडावर पुन्हा गेले. पाणी तसंच कढत आहे. पण बायकांना कपडे बदलायला जागा नाही, दोघींनी साडी धरून आडोसा करायचा आणि तिसरीनं बदलायचं. कुंडात प्लॅस्टिकच्या पिशव्या. हजारो वर्षं जमीन आपल्यासाठी पाणी तापवते आहे, आणि चार भिंती, एक दार, रोजची झाडलोट एवढंही आपण त्या बायकांना देत नाही. ताणमुक्तीवर सार्वजनिक पैसा खर्चायचाच तर पहिला रुपया तिथं जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी मी दुरुस्ती सुचवली आहे. फिनलंडच्या जुन्या इमारतींत तळघरात एकच सौना असतो आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरवून दिलेला असतो. त्या पाळीला ते सौनावुओरो म्हणतात. आमच्याकडे सौना झालाच तर असाच पाळीचा असावा, हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारून यावं, पिऊन कुणी येऊ नये, आणि पाळ्यांच्या तक्त्यात वॉचमन, सफाईचं काम करणारे आणि घरकामाला येणाऱ्या बायका यांचीही नावं असावीत. पण त्याच्याही आधी त्या वाचनखोलीत पंखा, दोन बाजा आणि शेजारी गरम पाण्याची मोरी व्हावी. आज या बायका दुपारी एक वाजता पार्किंगच्या जिन्यात बसून डबा खातात आणि दीड वाजता पुढच्या घरी जातात.

सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंना हे सगळं सांगत होते. त्या ओटा पुसत ऐकत होत्या. फिनलंडची बर्फाची हवा, लाकडी खोली, दगडांवर पाणी टाकायच्या आधी सगळ्यांना विचारणारी आजी. मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा एवढ्या उकाड्यात कशाला म्हणतील. त्यांनी फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि विचारलं, “आणि ताई, तिथं बसलं की मध्ये कुणी हाक मारत नाही?”

“नाही मारत,” मी म्हटलं.